कुंड बांधणारा आठवा माणूस

आदरणीय सभाध्यक्ष, व्यासपीठावरचे वडीलजन, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपले पाळकसाहेब आणि बाईसाहेब, पाहुणेमंडळी, आणि ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

आपल्या मंडळीच्या स्थापनेविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. नोंदवहीत ती हकिकत एका ओळीत आहे: शिंपीकाकांच्या दुकानात सात जणांनी मंडळी स्थापन केली. पण आठव्याचं काय?

आठवे माझे वडील, गवंडी. दुकानामागच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड त्यांनी बांधलं. आपल्यात पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा. शिंपडून भागत नाही. वडिलांनी माप घेतलं ते पाळकसाहेबांच्या छातीपर्यंत, आणि साहेब तर हे असे ताडमाड! भरलेल्या कुंडात डोकावून बुटक्या शिंपीणकाकू म्हणाल्या, "भाऊ, यात माझा बाप्तिस्मा नि दफन एकदमच उरकेल की!" वडिलांनी निमूट पाणी उपसलं आणि काकूंसाठी आत ओटा बांधला.

पहिल्या रविवारी सातही जणांचा बाप्तिस्मा झाला. साहेबांनी पाण्यातूनच हात पुढे केला, "या, भाऊ."

वडील म्हणाले, "ओट्याचा गिलावा ओला आहे अजून. काही ढासळलं तर धावायला एक जण बाहेर हवा. मी पुढच्या खेपेला."

पुढची खेप आलीच नाही. महिन्याभरात ते कामावर परांचीवरून पडून गेले. मी तेव्हा तिसरीत होतो.

बाप्तिस्मा नाही, म्हणून वहीत नाव नाही. नियम बरोबरच आहे. तरी मोठेपणी एकदा मी साहेबांना विचारलं, "माझे वडील या मंडळीचे होते का?" साहेब म्हणाले, "नियमानं नाही, बाळ. पण पाणी होतं, मी होतो, आणि मी आग्रह केला नाही."

ते सातही जण आता प्रभूपाशी आहेत. साहेब, उद्या तुम्ही जाल, आणि माझ्या वडिलांना 'भाऊ' म्हणणारं इथे कोणी उरणार नाही. वहीत नाव घाला, असं मी म्हणत नाही. फक्त जेवणाआधी माझ्या लेकीला सांगा, त्या दिवशी काठावर ते कसे दिसत होते. मला त्यांचा चेहरा आता नीट आठवत नाही.

निरोपाच्या सभेत घरचं गाऱ्हाणं आणलं, ते पोटात घाला. शांतपणे ऐकून घेतलंत, आपणा सर्वांचा ऋणी आहे. साहेब, मी तिला घेऊन पहिल्या बाकावर बसतो.