अंगठ्याआधी कागद

फुकटचा चहा दिला, तर आमचा गुरलिंगमामा आधी त्याचा वास घ्यायचा, असला संशयी माणूस. सिरसाळ्यात किराणा दुकान होतं त्याचं. रुपया टाकून बोलायचे फोन नवीनच निघालते, तवा शहरातून एक साहेब तसला एक फोन घेऊन शाळेत बैठक घ्यायला आलता. म्हणला, "हा फोन म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, आंधळ्यांनाही वापरता आला पाहिजे. तुम्ही लावून बघा, कुठं अडता ते मी लिहून घेतो. चुकलात तर चूक तुमची नाही, यंत्राची."

मामा माझ्या कानात म्हणला, "'चूक तुमची न्हाई' म्हणणारा पुढं अंगठा मागतो बग."

अन् खरंच, शेवटी साहेबानं छापील कागद काढला. "हजेरीचा आहे. सही करा, नाहीतर अंगठा द्या."

मामा उठला. "धरणाच्या वक्ताला माझ्या बापानं असाच न वाचता अंगठा दिलता. रान पाण्यात गेलं. साहेब, आदी वाचून दाखवा."

कागद इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. साहेबानं चष्मा पुसला, कागद लांब धरला, खिडकीत नेला, अन् दुसऱ्याच ओळीला अडकला.

मामानं टेबलावरची त्याचीच वही उघडली, पेन्सिल घेतली. "वाचा सावकाश. कुठं अडता ते आमी लिहून घेतो. चूक तुमची न्हाई, कागदाची हाय."