बोरोनचूच्या घरचा अग्रलेख

…आणि वर आमचे संपादक म्हणतात कसे, “पोरी, ही बातमी झाली. मत कुठंय?”

चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात माझे तीन कागद, आणि मत कुठंय! अहो, सातशे शब्द लिहिलेत मी, त्यातच असेल कुठंतरी, शोधा की! तुम्हाला सांगते, चार वर्षं राजधानीत पत्रकारिता शिकले, पदवी घेतली, आणि परत आले कुठे, तर ‘खिंडीचा आवाज’मध्ये. साप्ताहिक. चार पानं. पहिल्यावर अकीमसाहेब, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे प्रमुख, फीत कापताना. दुसऱ्यावर मेंढ्या. तिसऱ्यावर कोण जन्मलं, कोण गेलं. आणि चौथ्यावर अग्रलेख, जो गेली तीस वर्षं एकच माणूस लिहितोय… हेच आमचे संपादक, तुर्दाकून आगाय, म्हणजे गुरुजी. या शरदात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा म्हणाले, “आयजारकिन, आता तू अग्रलेख लिहायला शीक.”

शीक! जणू मी आजवर पाटीवर रेघोट्या मारत होते!

बरं, विषय? विषय मला शोधावा लागलाच नाही, तो माझ्या घरात पोट पुढे करून फिरत होता. माझी वहिनी, जिपारा, आठवा महिना. आणि अकीमच्या कचेरीतून पत्र आलं की आपल्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड एक नोव्हेंबरपासून बंद. वर्षाला एक्केचाळीसच बाळंतपणं होतात, तेवढ्यासाठी वॉर्ड कशाला, बायकांनी खिंड ओलांडून मोठ्या इस्पितळात जावं. चौऱ्याण्णव किलोमीटर! नोव्हेंबरात! आमची खिंड हिवाळ्यात कशी असते ते तिच्यात अडकलेल्या मेंढ्यांना विचारा. शुक्रवारी दहा वाजता बैठक, तिथं शिक्कामोर्तब. गुरुवारी सकाळी आमचा अंक येणार, पण त्यासाठी बुधवारी चारच्या गाडीनं पानं खिंडीपलीकडच्या छापखान्यात गेली पाहिजेत. म्हणजे मला होते अडीच दिवस आणि जिपाराला होते पाच आठवडे.

मी लिहिलं. सगळे आकडे, सगळ्या तारखा, आमच्या सुईणीची, बुरुल एजेची, म्हणजे ताईची, मुलाखत… या बाईनं अर्धं गाव हातावर झेललंय, मलासुद्धा! “तू उलटी आलीस,” ती म्हणाली, “तेव्हाच ओळखलं, ही भांडणार.” सगळं घातलं. तर, बातमी झाली, मत कुठंय?

बरं म्हटलं, मत पाहिजे ना? घ्या मत! मंगळवारी सकाळी असं लिहिलं, असं लिहिलं की कागदाला चटका बसावा. अकीमच्या डोक्यात भुसा आहे, हृदयाच्या जागी शिक्का आहे, आणि त्याला स्वतःला कळा आल्या असत्या तर खिंडीत बोगदा खणून झाला असता! आगायनी वाचलं. मिशीतल्या मिशीत हसले. मला वाटलं, जिंकलं!

“ही शिवी झाली. मत कुठंय?”

तिसऱ्यांदा लिहिलं. एका बाजूनं पाहता असं, दुसऱ्या बाजूनं पाहता तसं, सर्वांनी मिळून विचार करावा. आगायनी पहिल्या परिच्छेदालाच कागद खाली ठेवला. “हा तराजू झाला. दोन्ही पारडी रिकामी. मत—”

“कुठंय!” मी ओरडले. “तुम्हीच सांगा ना कुठंय! तीस वर्षं तुम्ही लिहिताय ना, तुमच्याकडे असेल ते, खणात वगैरे!”

आगायनी ताटातली भाकरी उचलली, मोडली, अर्धी माझ्यापुढे ठेवली. “दारात भांडायला आलेल्यालासुद्धा आपण आधी भाकरी मोडून देतो की नाही? मग अकीमलाही दे. त्याचं म्हणणं आधी तू मांड. त्याला जमेल त्याहून चांगलं मांड. त्यानंतर सांग, काय करायला हवं, कुणी, आणि कधी. जो काहीच मागत नाही, त्याला मत नसतं, नुसता घसा असतो.”

आणि मला राग कशाचा आला माहितीये? म्हातारा बरोबर होता! याइतकं चीड आणणारं जगात काही नाही हो. हे चुकीचे असतात तेव्हा सहन होतात, बरोबर असले की अंगाचा तिळपापड होतो!

बुधवारी सकाळी बसले. लिहिलं, अकीम म्हणतो ते खरं आहे: पलीकडे खरे डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत, आपल्याकडे एक सुईण आणि धूर ओकणारी शेगडी. पण गेल्या हिवाळ्यात खिंड सव्वीस दिवस बंद होती. म्हणून वॉर्ड निदान नोव्हेंबर ते मार्च उघडा ठेवावा, तसा निर्णय शुक्रवारीच व्हावा, आणि तो होणार नसेल, तर अकीमसाहेबांनी ते सव्वीस दिवस आधी जाहीर करावेत, म्हणजे बायका त्या दिवसांत बाळंत होणार नाहीत.

दोन वाजता आगायनी वाचलं. एकदा. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा. माझा जीव टांगणीला.

“हं,” म्हणाले. “हे मत आहे.”

तुम्हाला सांगते, पदवी घेताना मला इतका आनंद झाला नव्हता! आणि तो टिकला किती? भांड्यातला चहा निवेपर्यंत. कारण दर बुधवारी चौथं पान गाडीत जाण्याआधी कोण वाचतं? आमचे ओमुर्झाक अता, अख्ख्या गावाचे आजोबा! वय एक्क्याऐंशी, पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी, आणि काखेत वही. त्या वहीत अख्ख्या खोऱ्याच्या वंशावळी. पगार नाही, पद नाही, पण त्यांनी मान हलवल्याशिवाय पान जात नाही. का? तर तशीच पद्धत आहे! पद्धत! हा शब्द ऐकला की मला शिंका येतात!

अतांनी वाचलं, ओठ हलवत, एकेक शब्द चघळत. तीन वाजायला आले. मग वर बघून विचारतात काय… “तू कुणाची गं? सात बाप सांग.”

आता आमच्याकडे पोर बोलायला लागलं की आधी सात बापांची, म्हणजे वरच्या सात पिढ्यांची, नावं शिकतं, मग पाढे. ज्याला येत नाहीत तो मनुष्यच नव्हे. आणि म्हातारा असा बघत होता, जणू म्हणतोय, ‘शहरात शिकलेली, हिला कुठून येणार!’ झालं! मला कुणी असं बघितलं की माझं डोकंच फिरतं. उभी राहिले आणि एका दमात धडाधड म्हणून टाकलं, “साबिर, जुमाबाय, तोक्तोसुन, मामबेत, कारिप, एशिम, बोरोनचू!”

“बोरोनचू?” अतांनी वही उघडली. बोट फिरलं. थांबलं. “कुबात अकीमचाही सातवा बाप बोरोनचूच. म्हणजे तो तुझा थोरला भाऊ. आणि घरच्या थोरल्याला पेपरातून बोल लावतेस? छे छे. हे जायचं नाही.”

सहावर थांबले असते तर! नुसती जीभ चावली असती, ‘अता, सातवा आठवत नाही हो,’ म्हटलं असतं, तर फार काय, एक म्हातारा हसला असता! पण नाही! मला दाखवायचं होतं ना, मला येतं म्हणून!

मी आगायकडे बघितलं. आगाय खिडकीकडे बघायला लागले. “बटाट्याच्या पिकावर एक जुना अग्रलेख आहे माझ्याकडे,” म्हणाले, हळूच. तीन वाजून वीस मिनिटं. तेवढ्यात फोन… जिपारा. “छापतायत ना गं?” मी म्हटलं, “हो, हो, छापतायत.” फोन ठेवला.

आणि मग डोक्यात आलं… थोरला भाऊ आहे ना? मग थोरल्याला बोल लावता येत नसतील, पण धाकटी बहीण चारचौघांत मागणं तर मागू शकते! आणि चारचौघांत मागितलेलं थोरल्याला नाकारता येत नाही. हीसुद्धा पद्धतच! बसले, वीस मिनिटांत सगळं फिरवलं. “कुबात बायके,” असं सुरू केलं, दादाला म्हणतात तसं. “बोरोनचूच्या घरात मूल येतंय. त्यानं कुठं यावं, तुम्हीच सांगा. खाटेवर, की खिंडीत?”

अतांनी वाचलं. दाढी थरथरली. टोपी काढून डोळे पुसले हो! “जाऊ दे पान,” म्हणाले. मी पान घेऊन अशी धावले, गाडीच्या दाराला लटकूनच ते ड्रायव्हरच्या मांडीवर टाकलं.

गुरुवारी अंक आला. लोकांनी वाचला, रडले, आईनं तीन अंक घेतले. आणि दुपारी आमच्या फाटकाशी येऊन काय उभं राहिलं? जीप! अकीमची! ड्रायव्हर खाली उतरला, टोपी हातात. “साहेबांनी धाकट्या बहिणीला सलाम सांगितलाय. वहिनींना कळा येईपर्यंत मी इथंच. आल्या की तडक खिंडीपलीकडे.”

“आणि वॉर्ड?”

“वॉर्ड बंदच. पण तुम्हाला आता काय त्याचं? तुम्हाला जीप आहे ना!”

मी तशीच आमच्या पेपरच्या कचेरीत गेले. आगायना सगळं कळलं होतं. माझा अंक टेबलावर पसरलेला. ओरडले असते तर बरं झालं असतं. “तू घरचं मागितलंस, त्यानं घरचं दिलं,” म्हणाले. “बाकीच्या बायकांचं काय व्हावं? त्याबद्दल तुझं मत कुठंय?”

तोंडात मारल्यासारखं झालं. कारण चौथ्या मसुद्यात ते होतं, आणि मीच ते पुसलं होतं.

घरी परतते तर शेजारची जानिल कुंपणावर वाकून जीप बघतेय. तिला सातवा. “ही आमच्याकडे कधी येणार?”

“तुमच्याकडे नाही यायची. ही फक्त बोरोनचूच्या घरासाठी आहे.”

“मग? माझा नवरा कुणाचा?” जानिल फणकारली. “आम्ही काय आभाळातून पडलो?”

मी जागच्या जागी थांबले. मग वळले आणि पळत सुटले, थेट ओमुर्झाक अतांकडे. “अता, वही काढा! या हिवाळ्यात ज्या ज्या घरात बाळ येणार आहे, त्या सगळ्या घरांचे सात बाप सांगा!” अतांनी दाढी कुरवाळली, वही उघडली आणि म्हणाले, “बस. बुरुललाही बोलाव. कुठं पोट आहे ते तिला माहीत, कुठं मूळ आहे ते मला.”

शुक्रवार, दहा वाजता. अकीमच्या कचेरीतलं सभागृह. अकीम, कारकून, शिक्का. आणि दारातून आत येतायत बायका! एकामागून एक, पोटं पुढे, नवरे मागे, सासवा बाजूला. एकोणीस! प्रत्येक जण म्हणतोय, “बायके, आम्हीही बोरोनचूचे!” अकीम अतांकडे बघतो. अता वहीत बघतात, बोट फिरवतात, मान हलवतात. “याचाही बोरोनचूच… याचाही… आणि हा तर अगदी जवळचा.” अकीमचा चेहरा पडत चाललेला. शेवटी उठून ओरडला, “एकोणीस जीपा कुठून आणू मी?”

आणि मी उभी राहिले. म्हटलं, “बायके, जीपा नकोत. मार्चपर्यंत वॉर्ड उघडा ठेवा. आज, इथं, सही करा.”

मागच्या बाकावर आगाय बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच.

अकीमनं घाम पुसला. म्हणाला, “करतो. पण या सगळ्यांचं नातं पुढच्या अंकात छापा, घरानिशी, भावाबहिणींच्या नावांनिशी, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की कुबात असाच वाकला.” मी म्हटलं, “छापते की!” अता सांगत गेले, मी लिहीत गेले. विजयाच्या धुंदीत होते हो, हात नुसते धावत होते!

जिपाराला मुलगी झाली. इथंच, बुरुल एजेच्या हातावर, खिंड तेव्हा चार दिवस बंद होती. सरळ आली. समजूतदार आहे पोर, माझ्यावर गेली नाही.

मग तू इतकी चिडलीस का गं, म्हणाल. सांगते. त्या यादीत चौदावं घर आहे. त्या घरात दोन भाऊ. थोरल्याच्या बायकोला पाचवा महिना, तीही बैठकीला आली होती, मीच टाळ्या वाजवल्या तिच्यासाठी. आणि धाकटा म्हणजे एल्दियार. जनावरांचा डॉक्टर. ज्याच्या आईनं येत्या वसंतात माझ्या कानात डूल घालायला, म्हणजे मागणी घालायला, यायचं ठरवलं होतं… हसू नका! सात पिढ्यांत नातं निघालं की लग्न नाही, ही आमची पद्धत. बाकी सगळ्या पद्धतींना वाट काढता येते, हिला नाही!

गेले अतांकडे. पाया पडायचीच बाकी होते. “अता, खरं सांगा, तो चौदावा खरोखर बोरोनचूचाच आहे का हो? की त्या दिवशी वहीत तुमचं बोट जरा… जरा लांबच गेलं?”

अतांनी चहाचा घोट घेतला. “बोटाचं काय गं पोरी. म्हातारा माणूस मी, एखादं नाव विसरलोही असतो. पण आता छापून आलंय ना.”

आलंय. चौथ्या पानावर. खाली माझी सही.