भाभीच्या विहिरीत उतरलेला माझा निळा रंग

आम्ही मूळचे पवनीकडचे कोष्टी, बाप सूत रंगवायचा, अन् माझं लग्न झालं ते इकडं जबलपुरात, मदन महलजवळ, तेव्हा आपला विदर्भ अन् मध्यप्रदेश वेगळे होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आई म्हणे एवढ्या दूर परराज्यात काहून देता पोरगी, अन् बाप म्हणे अवो, काल-परवापर्यंत एकच तर होतं सगळं. सासरीही रंगाईचंच काम, म्हणून मले जड गेलं नाही. मालक लवकर गेले, मग भट्टी मीच सांभाळली, अजून सांभाळून राहिली.

साड्या, दुपट्टे तर वर्षभर असते, पण खरं काम एप्रिलात, जयंतीचं, निळे झेंडे, निळ्या पताका, थानच्या थान कापड, तेव्हा माझे हात कोपरापर्यंत निळे राहायचे अन् उरलेलं पाणी आम्ही मागच्या खड्ड्यात ओतायचो, सासऱ्याच्या वेळेपासून तसंच चालू होतं, कोणी विचारलं नाही अन् मीही नाही.

आता गुड्डन भाभीचं सांगतो. आमच्या भिंतीला लागून तिचं घर, तिच्या अंगणात विहीर, अर्धी गल्ली तिथं पाणी भरे, मीसुद्धा. एक दिवस भाभी बादली घेऊन आली, माझ्या उंबरठ्यावर ठेवली, म्हणे देख चंदा, तेरा रंग मेरे कुएँ में. पाणी निळसर होतं हो. अन् मी काय म्हणावं? माझाच कशावरून? गल्लीत दुसरा रंगारी होता कोण, पण तोंड काय ऐकते. भाभी बादली उचलून निघून गेली. तक्रार केली नाही, भांडली नाही, फक्त मले हाक मारणं बंद केलं. काय सांगू तुमाले, त्याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझी पोरगी वैशाली तेव्हा कॉलेजात केमिस्ट्री शिकत होती. ती म्हणे आई, कोळसा रंग धरून ठेवते, त्याच्या आत लहान लहान भोकं असतात, रंग तिथं जाऊन बसते. मी हसली, काळ्यानं कुठं निळं धुतल्या जाते का? पण तिनं ऐकलं नाही. नर्मदेच्या तिलवारा घाटावरून पोतं पोतं, पूजेच्या नारळाच्या करवंट्या आणल्या, पत्र्याच्या डब्यात बंद करून, झाकण मातीनं लिंपून भाजल्या, कुटल्या, तिच्या सरांना विचारून कायचं तरी औषध लावून पुन्हा भाजल्या, धुतल्या. टाकीत खाली गिट्टी, त्यावर रेती, त्यावर तो कोळसा. वरून निळं पाणी ओतलं अन् खालच्या नळीतून आलं ते साफ. आम्ही रंगारी डोळ्यावर भरोसा करत नाही, मी पांढऱ्या मलमलची चिंधी त्या पाण्यात बुडवली, वाळवली. चिंधी पांढरीच. रडलीच मी.

खड्डा बुजवला, भाभीची विहीर दोनदा उपसली, एक पावसाळा गेला अन् पाणी नितळ झालं. भाभी बोलू लागली, म्हणजे एवढंच, नमक है क्या, इतकंच.

अन् मग मीच घोटाळा केला. कोळशाचं पोट भरलं, नळीतून पुन्हा फिकं निळं पाणी येऊ लागलं. वैशाली मावशीकडं नागपूरला गेलेली, जाताना सांगून गेली होती, असं झालं तर कोळसा बदल. पण एवढ्या मेहनतीचा कोळसा फेकवते का? आम्ही जुनी साडी दुसऱ्या रंगात घालाच्या आधी सोड्याच्या पाण्यात उकळून तिचा जुना रंग काढतो, तसाच मी कोळसा उकळला. अन् निघाला ना रंग! मले एवढा अभिमान वाटला की विचारू नका. अन् त्या अभिमानात ते सगळं पाणी हाताच्या सवयीनं नालीत ओतलं. नाली विहिरीच्या कठड्याजवळच फुटलेली. हे आठवलं तेव्हा दोन घमेली ओतून झाली होती.

या वेळी मी थांबली नाही. भाभी विहिरीत दोर सोडूनच राहिली होती. म्हटलं भाभी, पानी मत भरो, मैंने ही डाला है, गलती मेरी है. ती कठड्यावर बसली, म्हणे, अच्छा, इस बार तू खुद बताने आई. अब रो मत, मोटर ला किसी की. दिवसभर आम्ही दोघींनी मिळून विहीर उपसली, गाळ काढला, अन् काम करता करता तिनं मले इतक्या महिन्यांचं सगळं सुनावलं, मले लय हलकं वाटलं.

आता नाली पक्की केली, कोळसा उकळलेलं पाणी मी पुढच्या निळ्याच्या टपातच घालतो, एक थेंब बाहेर जाऊ देत नाही. मागच्या महिन्यात भाभीले नातू झाला. त्याच्या आंघोळीले तिनं मले बोलावलं, आपल्या विहिरीचं पाणी कोमट केलं अन् लोटा माझ्या हाती दिला, तू डाल. मी लोट्यातल्या पाण्याकडं पाहतच राहिली. भाभी ओरडली, अरी डाल ना, बच्चा ठिठुर रहा है! घातलं मी. पोरगं रडलं, आम्ही दोघी हसलो. सुखी राहो बापा ते पोरगं, अन् त्याची आजी त्याच्याहून जास्त.