हत्ती तेवढा ऱ्हायला

न्हाई न्हाई, तिथं नगं — हिकडं बसा, माझ्या ह्या अंगाला. ती जागा धरलेली हाय. गाठोडं दिसतंय, व्हय, गाठोडंच हाय, पर खाली ठेवायचं न्हाई ते. तिकीट काढलंय त्याचं. हे बघा — दोन तिकिटं, चिंचवड ते पुणं, एक माझं, एक तिचं. हसा की, हसू येनारच. मागं एकदा तिकीटवाल्या बाबूनं बी इचारलं, दुसरं मानूस कुठाय? मी म्हनलं, हे काय, खिडकीला बसलंय. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, गाठोड्याकडं बघितलं, आन दोन्ही तिकिटं टोचून म्होरं गेला. भला मानूस. काय नाव म्हनालात — यशवंतराव? मी गेनू. हितं चिंचवड गावातलाच. पिंपरीला पेनिसिलीनची कंपनी झालीय न्हवं, तिथं खोकी उचलतो. आज सुट्टी. बसा, गाडीला येळ हाय.

भन हाय माझी. म्हंजी — व्हती. सरू. माझ्या पाठची. तिचं लुगडं हाय ह्यात. मोईला दिली व्हती, चाकणच्या अंगाला, इंद्रायणीच्या काठावर. लेकरूबाळ न्हाई. माघात ताप आला आन गेली. लोकं इचारत्यात, कसं झालं, कसं झालं — मी म्हनतो, ताप आला आन गेली. त्यात आनखी काय सांगायचं? आई ऊर बडवून घेत व्हती, आन मी लाकडं किती लागत्याल ते बघत व्हतो. अजून बी तसाच हाय. जेवतो, कामाला जातो, झोप बी लागती. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तरी कळत न्हाई बघा, तसं झालंय सगळ्या अंगाचं.

मग हे गाठोडं घेऊन का फिरतो म्हनता? त्याला कारन कावळा. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आन कावळा शिवंना. झाडावर ही रांग — काव काव नुसती, पर खाली एक उतरंल तर शपथ. मानसं ताटकळली. सोपानराव म्हनलं — सोपानराव म्हंजी सरूचा चुलतसासरा, जुनं मानूस — म्हनलं, बाईचं कशात तरी मन आडकलंय, एकेकानं म्होरं या आन शब्द द्या. आधी आई गेली. काय काय बोलली, कावळा हालला न्हाई. मग सासू, भागूबाई. मग बन्सी गेला, सरूचा नवरा. हात जोडलं आन सगळ्यांसमक्ष म्हनला, सरे, मी दुसरी करनार न्हाई. बायांनी पदर डोळ्याला लावला. आन कावळा? कावळ्यानं त्याच्याकडं पाठ फिरवली! आता हसायची जागा न्हाई ती, पर खरं सांगतो, मला त्या वक्ताला सुदीक हसू फुटाय लागलं व्हतं. ऊन डोक्यावर आलं. भटजीनं दर्भाचा कावळा वळायला घेतला — म्हंजी गवताचा कावळा करून पिंडाला लावायचा आन सुटायचं. आई म्हनली, नगं रं, माझ्या लेकीला गवताचा कावळा नगं. मग मला ढकललं म्होरं. मी म्हनलं, सरे, तुला पुणं दाखवीन. सगळं दाखवीन. झालं! तोंडातनं शब्द निघायचा अवकाश, वरनं कावळा सपकन आला आन पिंडाला चोच मारली.

मग काय, गावभर एकच — भावाला बरूबर ठावं व्हतं, बाईला पुणं बघायचं व्हतं, भाऊ तो भाऊच. आईनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला. आन एकदा शब्द दिला तर फिटाय पायजे. म्हनून हे लुगडं. सुट्टी आली की एक ठिकान. शनवारवाडा दाखवला. त्या दरवाज्याला हत्तीनं धडक मारू न्हाई म्हनून ह्ये येवढालं खिळं हायत — गाठोडं वर धरून दाखवलं तिला. पर्वती चढलो. निम्म्यात बसलो आन म्हनलं, दमलीस का गं? शेजारची बाई उठून पल्याड गेली. जाऊ दे. मंडई दाखवली, लकडी पूल दाखवला. तिथं हुबं राहून म्हनलं, नावाला लकडी, हाय दगडी. आन तुळशीबाग — तुळशीबागेत मातर फजिती झाली. अहेव गेली न्हवं ती, नवऱ्याआधी, कुंकवानिशी. तवा म्हनलं हिरवा चुडा घ्यावा. कासार म्हनतो, माप? सव्वादोन का अडीच? आता काय सांगू? सख्खी भन, एका ताटात जेवलेली, आन मनगट केवढं ते सांगता येईना. शेवटी म्हनलं, तुमच्या अंदाजानं द्या. तो म्हनतो, अंदाजानं कसं देऊ, हात बघितल्याबिगर? तसाच आलो माघारी.

आता हत्ती तेवढा ऱ्हायला. सारसबागेपाशी नवी बाग केलीय पेशवे पार्क म्हनून, तिथं खराखुरा हत्ती हाय म्हनं. तो दाखवला की पुणं सरलं. मग परत येताना हे गाठोडं पवनेत सोडायचं, दोन फुलं टाकायची आन मागं न बघता घरला यायचं. तसं ठरलंय.

कुनी म्हंजी? सगळ्यांनी. भागूबाईचा निरोप येतोय सारखा — झालं का पुणं? सरलं का पुणं? तिला घाई हाय. बन्सीचं लगीन वैशाखात धरलंय. व्हय, त्योच बन्सी. तो वाईट न्हाई हां, यशवंतराव, घरात भाकरी थापाय कुनी न्हाई, करनार काय बिचारा? आन त्याचा शब्द कावळ्यानं घेतलाच न्हाई, तवा तो मोकळा. शब्द माझा घेतला. माझा अर्धा ऱ्हायला तर पहिली दुसरीला सुखानं नांदू द्यायची न्हाई, अशी त्यांस्नी धास्ती. सोनाराकडं टाक तयार हाय. सवतीचा टाक — चांदीचं पान, त्यावर बाईचा ठसा, ते नव्या नवरीच्या गळ्यात बांधायचं. तीच मग सरू. आज कुनाची भन हाय, कुनाची लेक हाय. हत्ती बघून झाला की त्या बाईच्या गळ्यातलं पान.

तुमी म्हनाल, मग जा की, दाखव की हत्ती. जातो की. येतोच हाय मी. हत्ती ऱ्हायल्यापासनं दर सुट्टीला येतो, दोन तिकिटं काढतो, हितं बसतो. गाडी येती आन जाती. आज बी... बघू.

येक इचारू? तुमाला भन हाय? मग सांगा, तिला काय आवडतं? चटकन सांगा. — बघा, तुमी बी वर बघाय लागलाव.

खरं सांगू का, ती कधी बोललीच न्हवती पुण्याचं. कधीच न्हाई. लगीन होऊन सासरी गेली, माहेरपनाला आली, दिवाळीला मला ओवाळलं, सरे तुला काय पायजे म्हनलं तर म्हनायची, काय न्हाई दादा. आन मी बी ते खरं धरायचो. त्या दिशी नदीवर मी पिंडाम्होरं हुबा ऱ्हायलो आन डोक्यात कायबी येईना. कायबी! समदी बघत्यात, भटजीच्या हातात गवत, आन मला तिची एक हौस ठावं न्हाई. आदल्या दिशी सामान आनायला पुण्याला गेल्तो, तेवढंच आठवलं, ते बोललो. आन कावळा आला. आता मला सांगा — तिला खरंच पुणं बघायचं व्हतं आन जलमभर तोंडातनं काढलं न्हाई? का कावळ्याला भूक लागली व्हती? दोन्हीतलं कंचं खरं धरू? कंचं बी धरलं तरी मला सोसायचं न्हाई. म्हनून तर काय वाटून घेत न्हाई मी.

एवढं मातर हाय, ह्या दोन म्हैन्यांत जेवढं बोललो तिच्यासंगं, तेवढं ती जिती असताना बोललो न्हाई. खिडकीला बसवतो, खडकीचा कारखाना दाखवतो, संगमाचं पानी दाखवतो. बरं वाटतं. वाटतं म्हंजी — येळ जातो.

आली बघा. तुमची पिशवी घ्या, छत्री ऱ्हायली. हां, चढा. — आमी? न्हाई, तुमी व्हा म्होरं. गर्दी हाय आज, तिला गर्दीत... पुढच्या सुट्टीला. हत्ती काय कुठं जातोय? — काय म्हनलात? हत्तीची हौस व्हती का तिला? आवो ठावं न्हाई म्हनलं न्हवं का मगाशी! कितीदा सांगू? जा तुमी, शिट्टी झाली. आन मागनं जा, हितनं — तिच्या म्होरनं नगं. तिला गाडी दिसू द्या.