डोळे मिटून शिवलेला कोट

धाकटी: हसण्यावारी नेऊ नकोस, ताई. डावी बाही उजव्या मुंढ्याला लावलीस आणि उजवी डाव्याला. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं, तर दोन्ही हात पाठीकडे ओढले जातायत. म्हणाला, पोलिसांनी धरून नेल्यासारखं वाटतंय.

ताई: मग उसवून देते की. चार टाके तर आहेत.

धाकटी: अस्तराचा कोट आहे, चार टाके कुठले? आणि शिवणकाम तूच शिकवलंस ना मला? बाही लावताना खूण बघ, खूण बघ, म्हणून डोकं खाल्लंस माझं.

ताई: खूण बघितली नाही मी. चाचपली. पुढच्या बाजूला एक खाच, मागच्या बाजूला दोन. दोनातली एकच बोटाला लागली. मग मागची बाजू पुढची समजले, आणि दुसरी बाहीही तशीच बसवली.

धाकटी: आणि डोळे कुठे होते?

ताई: मिटलेले.

(धाकटी शिलाई मशीन बंद करते.)

धाकटी: मुद्दाम?

ताई: सवय करत होते. पायजमे जमतात आता. उशांचे अभ्रे तर झोपेतसुद्धा होतील. कोटात मात्र फजिती झाली.

धाकटी: कसली सवय?

ताई: आईचं बघितलंस ना? माझ्याच वयाची होती, दिसेनासं झालं तेव्हा. मग दिवसभर खुर्चीत बसून कोण आलं, कोण गेलं, एवढंच विचारत राहायची. मला तसं बसायचं नाही. माझे हात चालू राहिले पाहिजेत.

धाकटी: कमी दिसतंय का तुला?

ताई: कुणास ठाऊक. कधी वाटतं, कडेचं काहीतरी गायब झालंय. मान वळवून बघते, तर कपाट जागच्या जागी असतं.

धाकटी: डॉक्टर काय म्हणाले?

ताई: गेलेच नाही.

धाकटी: वा. आंधळेपणाची तालीम सुरू झाली, पण डोळे दाखवायला सवड नाही.

ताई: सवडीचं काय घेऊन बसलीस? भीती वाटते मला. ते हो म्हणाले तर? आत्ता ‘कदाचित’ म्हणायला तरी जागा आहे. त्यावर थोडीफार झोप तरी लागते.

धाकटी: लागत नाही. भिंतीपलीकडे मीच झोपते, तुझं कूस बदलणं ऐकू येतं. आणि ताई, माझीही आई तीच होती.

ताई: तू लहान आहेस अजून.

धाकटी: मी जाऊन आले. काचबिंदू आहे, आईसारखाच. डाव्या डोळ्यात, नुकताच सुरू झालेला.

ताई: काय बोलतेयस तू?

धाकटी: आधी ऐकून घे. गेलेली नजर परत येत नाही. पण नेमाने थेंब घातले तर उरलेली बहुतेक टिकते, असं म्हणाले. आईचं फार उशिरा कळलं होतं. मी रोज घालते, न्हाणीघरात, दार लावून.

ताई: मला सांगितलं नाहीस.

धाकटी: सांगितलं असतं, तर तू माझ्याही वाटची तालीम सुरू केली असतीस.

ताई: भीती नाही वाटत तुला?

धाकटी: वाटते की. रोज सकाळी बाटली हातात घेतली की टोपण उघडायलाच नको वाटतं. मग डोळा चुरचुरतो, नाक वाहायला लागतं, तेवढ्यात कुणीतरी बाहेर काज-बटणं घेऊन येतं. मग दिवस निघतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, भीती काही जात नाही.

ताई: तपासायला एकटीच गेली होतीस?

धाकटी: हो. बाकावर सगळ्यांबरोबर कुणी ना कुणी होतं.

ताई: मूर्ख आहेस.

धाकटी: आहेच. पण चल, ऊठ. दवाखाना उघडा असेल आत्ता.

ताई: आणि कोट?

धाकटी: परवा मुलाखत आहे त्या गिऱ्हाइकाची. उद्या दोघी मिळून उसवू.

ताई: तपासतात त्या खोलीत तुला येऊ देतील माझ्याबरोबर?

धाकटी: आत खुर्ची एकच असते.

ताई: मग?

धाकटी: मी उभी राहीन.