नाझियाविरुद्धची तक्रार मागे घेण्याबाबत

जबाब, दिनांक १६ नोव्हेंबर २००६, पोलीस ठाणे महाड

मी काशीराम गोविंद हाटे, वय ६१, धंदा निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार पोलादपूर. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझा मुलगा धम्मपाल महाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. गेल्या सोमवारी तेथील ओव्हनमध्ये स्फोट झाला. धम्मपालच्या कानाला काच लागली. सोबत काम करणाऱ्या नाझिया रमजान हिच्या उजव्या हाताला मोठी दुखापत झाली. नाझियाने चुकीचे रसायन दिले, असे धम्मपालने मला सांगितले. मी त्याच दिवशी येथे येऊन तिच्याविरुद्ध तक्रार दिली. दवाखान्याच्या फाटकाशी तिच्या वडिलांना लोकांसमक्ष बोललो. काय बोललो ते येथे सांगवत नाही.

काल मी नाझियाला जाब विचारण्यासाठी दवाखान्यात गेलो. तिने मला बसायला सांगितले. तिच्या सांगण्याप्रमाणे धम्मपालकडे आयोडीनचे एक संयुग नष्ट करण्याचे काम होते. ते एरवी टिकत नाही, म्हणून त्यात क्राऊन ईथर घातलेले होते. क्राऊन ईथरचा रेणू कड्यासारखा गोल असतो.

"काका, त्या कड्यातल्या ऑक्सिजननी आयोडीनला धरून ठेवलं होतं, म्हणून ती पूड शांत होती," ती म्हणाली. "धम्मपालने त्यात पोटॅशियम कार्बोनेट टाकलं. पोटॅशियम त्या कड्यात जास्त घट्ट बसतं. कडं तिकडे गेलं, आयोडीन उघडं पडलं. खाली बसलेला पिवळा साका त्याने फेकण्याआधी वाळवायला ओव्हनमध्ये ठेवला."

असा साका तापला की फुटतो. हे लक्षात येताच तिने ओव्हनसमोर वाकलेल्या धम्मपालला मागे ओढले. स्फोट झाला तेव्हा तिचा हात पुढे होता.

पोटॅशियम वापरू नको, असे तिने त्याला आधीच बजावले होते. हे पोलिसांना का सांगितले नाही, असे मी विचारले.

ती म्हणाली, "तुम्ही माझं नाव दिल्यावर माझं कुणाला खरं वाटलं असतं?"

मी घरी येऊन धम्मपालला विचारले. तो म्हणाला, "बाबा, नोकरी जाईल म्हणून तिचं नाव घेतलं."

नुसत्या नावावरून माणूस ठरवणारे लोक मी लहानपणापासून सोसले आहेत. नाझियाचे नाव ऐकल्यावर मी मुलाला दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

माझी तक्रार खोटी ठरली आहे. ती मी मागे घेतो. धम्मपालला मी सोबत आणले आहे. हा जबाब वाचताना त्याला आत बोलवावे, अशी विनंती केली. त्याप्रमाणे जबाब त्याच्यासमोर मोठ्याने वाचण्यात आला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून खरा आहे. धम्मपालनेही तो खरा असल्याचे सांगितले.

काशीराम गोविंद हाटे