एकशेएकविसावं बटन

—नाई मॅडम, डबा कॉलेजात नेऊ नका. माह्या भाच्याले, साकेतले, काय मार्क द्यायचे ते इथंच द्या. चांगला चालते त्याचा डबा. हे बसले ना बाजेवर, ह्यायलेच विचारा. गळ्याचं आपरेशन झालं—तंबाखूचा खर्रा, दुसरं काय—आवाज गेला तो गेलाच. मंग साकेतनं हा डबा बनवला. बटन दाबलं का शब्द येते. आवाज माहाच. कम्प्युटरवर जाडा केला त्यानं, म्हणून सर्दी झाल्यावानी वाटते. हे दूधवाल्यावर खेकसले का अनुसयाबाई भिंतीपल्याडून मलेच म्हणते, 'प्रमोदिनी, सकाळी सकाळी काऊन भांडून राह्यली वं?' अन् 'हो' दाबलं का मांगं कुकरची शिट्टी वाजते—रेकॉर्डिंग सैपाकघरात केलतं ना—साकेत म्हणे, 'मावशी, शिट्टी काढली तं "हो" बी निघून जाते.' राहू दे म्हटलं. 'हो' पाहिजेच.

काय? 'नाई' कुठं हाय? ते... राह्यलं असन. एकशेवीस शब्द बोलाचे होते मॅडम, माणूस इसरते. —बरं, नाई इसरली. सत्तावीस वर्षं तोच एक शब्द ऐकला ह्यायच्या तोंडून. माहेरी नाचणगावले जाऊ का? नाई. सायकल शिकू का? नाई. साकेत म्हणे, 'मावशी, आता "नाई" बोल', तं मी म्हटलं, नाई, ते मी बोलत नाई. अन् पाहा—दिवाळीत आठ दिवस माहेरी राह्यली, लूना शिकली, उद्यापासून हिंगणघाटले शिवणक्लास घेणार. न विचारता नाई हो! विचारलं. शिट्टी वाजली. आता तुम्ही ते बटन बसवसान तं माहा क्लास गेला ना! साकेतचे दोन मार्क कापा पायजे तं, पण—

कोणतं? हे कोपऱ्यातलं? ते एकशेएकविसावं. उगाच हाय ते, ओळ भरावी म्हणून बसवलं म्हणे. पाहा ना, बाकीच्या बटनायची अक्षरं घासून गेली, हे कसं कोरं करकरीत. एक वर्षात कोणाचं बोट नाई लागलं त्याले—अवो दाबू नका—

...

'नाई.' माहाच आवाज हाय.

म्हणजे त्या दिवशी टेप चालूच होता. पोट्ट्यानं तिथूनच कापला.

थांबा मॅडम, ह्यायले विचारू द्या. अवो... तुमाले मालूम होतं? पयल्यापासून?

...

ऐकली ना शिट्टी, मॅडम? निघा आता. वर्ध्याची गाडी चारची हाय. डबा ठेवा तिथंच.